सोपी घळ, टोकाचा धबधबा आणि परतीची वाट

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन कुटुंबांतील ८ जणांना एका घळीतून तिच्या टोकाच्या धबधब्यापर्यंत जायचे आहे. त्यांत ८ आणि ११ वर्षांची दोन मुले आहेत, तसेच गुडघ्याचा जुना त्रास असलेले ६६ वर्षांचे आपले वडीलही आहेत. एका बाजूचे अंतर साडेतीन किलोमीटर आहे, चढ जेमतेम दीडशे मीटर आहे, ओढा चार ठिकाणी ओलांडावा लागतो आणि माहितीपत्रकात वाटेपुढे ‘सोपी’ असा शेरा आहे. त्या शेऱ्यावर कितपत विसंबावे, सामान काय घ्यावे आणि धबधब्याखालच्या डोहात उतरता येईल का, असे आपण विचारले आहे. गेली २२ वर्षे मी लहानमोठे गट घेऊन अशा वाटांवर जात आहे. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहितो.

‘सोपी’ हा शेरा खोटा नसतो, पण तो अर्धाच असतो. शेरा देणारा माणूस अंतर मोजतो, चढ मोजतो, कुठे हाताचा आधार घ्यावा लागतो का आणि वाट चुकण्याजोग्या जागा किती आहेत हे पाहतो, आणि हे सारे तो बहुधा पाणी बेताचे असलेल्या स्वच्छ उन्हाच्या दिवशी पाहतो. डोंगराच्या सोंडेवरची वाट पावसात निसरडी झाली तरी ती वाटच राहते. घळीतली वाट मात्र पाण्याने स्वतःसाठी कोरलेल्या पात्रातून जाते, आणि पाणी वाढले की ते पात्र पाण्याचेच होते. म्हणून ‘ही वाट सोपी आहे का’ असे न विचारता ‘आज, आपण सगळे परत बाहेर पडेपर्यंत, ही वाट सोपी राहील का’ असे विचारावे. त्याचे उत्तर घळीच्या तोंडाशी, अजून कोणाचेही पाय भिजलेले नसताना शोधावे. धबधब्याचा आवाज कानावर पडू लागला की कोणाचाच निर्णय तटस्थ राहत नाही. माझाही राहत नाही.

भूगोलाच्या पुस्तकात जिला घळई किंवा निदरी म्हणतात तिला आम्ही चालणारे लोक सरसकट घळच म्हणतो. घळीच्या टोकाला धबधबा असणे हा बहुतेक वेळा योगायोग नसतो. कठीण खडकाच्या थराखाली ठिसूळ थर असला की पडणारे पाणी खालचा थर पोखरते, वरच्या थराचा आधार जातो, तो कधीतरी तुटून खाली येतो आणि धबधबा तेवढा मागे सरकतो. नायगारा धबधबा अशा रीतीने सुमारे १२,००० वर्षांत जवळजवळ ११ किलोमीटर मागे गेला आहे, आणि त्याच्यापुढची घळई म्हणजे त्याच्या माघारीची खूण आहे. काही घळी खडकातील भेगांच्या रेषेने कोरल्या जातात, त्यांची गोष्ट वेगळी. पण जिथे धबधबा घळीचे टोक अडवून उभा असतो तिथे आपण चालत चालत खडक सर्वांत अलीकडे तुटलेल्या जागेकडे जात असतो. ही बाब मनात ठेवावी, कारण डोहाविषयी बोलताना तिच्याकडे परत यावे लागेल.

आधी पाण्याविषयी. घळीत येणारे पाणी घळीवर पडत नाही, ते तिच्या वरच्या पाणलोट क्षेत्रावर पडते. हिशेब अगदी साधा आहे. एक चौरस किलोमीटरवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर ते १०,००० घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर पाणी होते. समजा, वरचे क्षेत्र ४ चौरस किलोमीटर आहे, तिथे तासाभरात २५ मिलिमीटरची सर आली आणि उघड्या कातळामुळे त्यातले निम्मे पाणी त्याच तासात वाहून आले. हा प्रवाह सेकंदाला सुमारे १४ घनमीटर होतो. घळ ५ मीटर रुंद असेल आणि पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने धावत असेल तर त्याची खोली १ मीटर ४० सेंटिमीटर भरते. आपल्या ८ वर्षांच्या मुलाची उंची साधारण एवढीही नसेल. आणि हे सगळे घडत असताना घळीतून दिसणारी आकाशाची पट्टी निळीशार असू शकते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात अँटिलोप कॅनियनच्या खालच्या भागात ११ पर्यटक लोंढ्यात मरण पावले. पावसाचा जोर घळीवर नव्हता, तो वरच्या अंगाला कित्येक किलोमीटर दूर होता. स्वित्झर्लंडमध्ये सॅक्सेटनबाख या ओढ्यात २७ जुलै १९९९ रोजी २१ जणांचा जीव गेला, आणि त्यांत वाटाडेही होते. इटलीतील रागानेल्लो घळीत ऑगस्ट २०१८ मध्ये १० जणांचा बळी गेला. ही उदाहरणे आपल्याला घाबरवण्यासाठी देत नाही. सुट्टीच्या दिवशी, हौसेने आलेल्या, सामान्य माणसांच्या बाबतीत हे घडले एवढेच लक्षात यावे. व्यवस्था चोख असलेल्या ठिकाणी याचे नियम ठरलेले असतात. अमेरिकेतील झायन राष्ट्रीय उद्यानातील ‘द नॅरोज’ ही घळ प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांवर, म्हणजे सुमारे सव्वाचार घनमीटरवर गेला की बंद होते. आकस्मिक पुराचा इशारा निघाला तरी बंद होते आणि इशारा मागे घेतल्यावरही दोन तास बंद राहते. जिथे असा नियम करणारे कोणी नसते तिथे तो आपणच स्वतःवर घालून घ्यायचा असतो.

त्यासाठी आदल्या रात्री नकाशावर घळीऐवजी ओढ्याचा उगम शोधावा, तिथपर्यंतचा सगळा उतार डोळ्यांखालून घालावा आणि हवामानाचा तासावार अंदाज त्या वरच्या भागाचा पाहावा. वर कुठे धरण किंवा बंधारा असेल तर पाणी केव्हा सोडतात याची चौकशी करावी. ओढा बर्फाच्या पाण्यावर वाहणारा असेल तर तो सकाळी कमी आणि दुपारनंतर जास्त असतो. जाताना घोट्याएवढे असलेले पाणी येताना मांडीला लागते, आणि त्यासाठी पावसाचा थेंबही पडावा लागत नाही. गडगडाट ऐकू आला तर चर्चा करू नये, बाहेर पडावे. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे उलटल्याशिवाय पुन्हा आत शिरू नये, आणि ही ३० मिनिटे फक्त विजेसाठी आहेत, पाण्यासाठी ती अपुरी असतात.

आत चालताना कड्यांच्या भेगांकडे पाहत जावे. तिथे काटक्या, पालापाचोळा, कधी एखादा ओंडका अडकलेला दिसतो. ती मागच्या पुराची रेषा असते आणि ती आपल्या डोक्यावर असेल तर त्या जागेत विसाव्याला बसायचे नाही. त्या रेषेच्या वर चढून जाता येईल अशा कपारी कुठे कुठे आहेत हे मी जाताना मोठ्याने सांगत जातो, म्हणजे मागच्या माणसालाही ते ऐकू जाते. पाणी अचानक गढूळ होणे, त्यावर पाने आणि काड्या तरंगत येऊ लागणे, वारा नसताना गार झोत अंगावर येणे, ओढ्याचा आवाज जाडावणे, यांपैकी एक गोष्ट पुरेशी आहे. अशा वेळी घळीच्या तोंडाकडे धावण्यापेक्षा जवळच्या कपारीत वर चढणे श्रेयस्कर, कारण लोंढा आपल्यापेक्षा वेगाने धावतो.

आता आपले चार उतार, म्हणजे ओढा ओलांडण्याच्या चार जागा. ओढा ओलांडता येईल का, हे मी अंदाजाने ठरवत नाही आणि आपणही ठरवू नये. ऑस्ट्रेलियातील पूरविषयक मार्गदर्शक तत्त्वांत एक सुटसुटीत माप आहे: पाण्याची खोली मीटरमध्ये घ्यायची, वेग सेकंदाला किती मीटर तो घ्यायचा आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. गुणाकार ०.४ च्या वर गेला तर मुलांचा तोल राहत नाही, ०.६ च्या वर मोठ्यांनाही धोका वाढतो आणि ०.८ नंतर तरबेज माणसानेही उतरू नये. वेग मोजायला काठावर साधारण ५ मीटर अंतरावर दोन दगड ठेवावेत, वरच्या दगडापाशी एक वाळकी काडी मुख्य धारेत सोडावी आणि ती खालच्या दगडापाशी पोहोचेपर्यंत सेकंद मोजावेत. काडी ६ सेकंदांत पोहोचली तर वेग सुमारे ०.८ मीटर. काठीवर पाण्याची खोली पाहावी. ती अर्धा मीटर निघाली तर गुणाकार ०.४ झाला, म्हणजे मुलांना तिथून न्यायचे नाही. पृष्ठभागावरचा वेग सरासरीपेक्षा थोडा जास्त असतो, त्यामुळे चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होते. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, म्हणून ‘गेल्या वेळेपेक्षा जरासे जास्त आहे’ या वाक्यावर माझा विश्वास नाही.

ओलांडण्याची जागा अरुंद पाहू नये, रुंद पाहावी. पाणी जिथे पसरते तिथे ते उथळ आणि संथ होते; अरुंद जागी उडी मारण्याचा मोह होतो आणि पलीकडचा धोंडा शेवाळलेला असतो. खाली लगेच धबधबा, डोह किंवा अडकलेले ओंडके असतील तर ती जागा बाद. पाठपिशवीचे कमरेचे आणि छातीचे बंद सोडावेत, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला असावे, काठी पुढे रोवून एका वेळी एकच पाय हलवावा आणि पायातले बूट काढू नयेत. अनवाणी चालण्याने बूट कोरडे राहतात, पण घोटा मुरगळतो. मुलांना दोन मोठ्यांच्या मध्ये, वरच्या अंगाला धिप्पाड माणूस ठेवून न्यावे. दोर असला तरी तो कोणाच्या कमरेला बांधू नये. पाय दोन दगडांत अडकला आणि दोर ताणला गेला तर तोच माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो. कोणी वाहू लागलाच तर त्याने गुडघ्यावरच्या वेगवान पाण्यात उभे राहण्याची धडपड करू नये, पाठीवर पडून पाय पुढे ठेवून काठाकडे सरकत राहावे. ही गोष्ट मुलांना आधी घरीच, जमिनीवर झोपवून, दाखवावी. त्यांना हा खेळ आवडतो आणि तो लक्षातही राहतो.

प्रत्येक उतारापाशी माझी एक सवय आहे. पाण्याची कडा जिथे कोरड्या खडकाला भिडते तिथे, अगदी रेषेला टेकून, मुठीएवढे तीन दगड ओळीने ठेवतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका ‘सोप्या’ घळीत १४ जणांचा गट होता. तिसऱ्या उतारावर एकाची चप्पल तुटली, ती बांधण्यात १५-२० मिनिटे गेली, आणि सहज मागे वळून पाहिले तर पहिला दगड बुडाला होता आणि दुसऱ्याच्या अंगावर दोन बोटे पाणी चढले होते. पाणी अजून नितळच होते, आकाशात ढग नव्हता. धबधबा पुढच्या वळणावर होता. त्याचे तुषार उन्हात दिसत होते. आम्ही परतलो. मोठा लोंढा त्या दिवशी आला नाही, पाणी वीतभर वाढून तिथेच थांबले, आणि गटातल्या दोघांनी नंतर बरेच दिवस मला त्याबद्दल टोमणे मारले. ते टोमणे रास्त होते की नाही हे मला आजही सांगता येत नाही, पण तो निर्णय मी पुन्हा तसाच घेईन. त्या दिवशी चप्पल तुटली नसती तर मला पाणी चढल्याचे कळलेही नसते, ही बाब मला जास्त अस्वस्थ करते.

धबधब्यापाशी पोहोचल्यावर बहुतेकांचे लक्ष पाण्याकडे जाते. आपण आधी वर पाहावे. हवाईतील ओआहू बेटावर सेक्रेड फॉल्स नावाच्या धबधब्यापाशी ९ मे १९९९ रोजी कड्यावरून दरड कोसळून ८ जण ठार झाले, आणि ती वाट तेव्हापासून बंद आहे. एवढी मोठी दरड रोज पडत नाही, पण ३० मीटरवरून सुटलेला लहानसा दगड अडीच सेकंदांत खाली येतो तेव्हा त्याचा वेग ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे असतो. कड्याच्या पायथ्याशी ताज्या, फिकट रंगाच्या, कडा धारदार असलेल्या कपच्या पडलेल्या असतील तर त्या जागेत बसायचे नाही. बसण्याची, खाण्याची, छायाचित्रांची जागा कड्यापासून दूर, बाहेरच्या बाजूला निवडावी. कड्यावर मधमाश्यांची पोळी लटकत असतील तर आरडाओरडा आणि धूर दोन्ही टाळावेत. धबधब्याच्या बाजूने वर चढून माथ्यावरून खाली पाहण्याची कल्पना कोणीतरी मांडतोच. तिला माझा सरळ नकार असतो. माथ्यावरचा कातळ पाण्याने गुळगुळीत केलेला असतो आणि त्यावर शेवाळाचा पापुद्रा असतो, जो कोरडा दिसतो पण कोरडा नसतो.

डोहात उतरता येईल का, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की काठाच्या बाजूला, जिथे तळ दिसतो आणि पाणी कमरेच्या खाली आहे तिथे, एका वेळी दोघांनी आणि बाकीच्यांची नजर असताना उतरायला हरकत नाही. धारेखाली जाऊ नये आणि उडी मुळीच मारू नये. धारेखालच्या पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असतात, अशा पाण्यात शरीर नेहमीसारखे तरंगत नाही, आणि पडणारे पाणी तळाशी जाऊन वर येताना माणसाला पुन्हा धारेकडे ओढते. चांगला पोहणारा माणूस इथे फसतो, कारण त्याच्या अंदाजाचे पाणी वेगळे असते. वरून पाहताना खोलीचाही अंदाज चुकतो. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे नितळ पाणी प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक चतुर्थांश उथळ दिसते, आणि गढूळ पाण्यात तर काहीच दिसत नाही. गेल्या पुराने आणून टाकलेला धोंडा नेमका उडीच्या जागेखाली असू शकतो. पाणी १५ अंश सेल्सियसपेक्षा थंड असेल तर अचानक उतरल्यावर श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो आणि पहिली एक-दोन मिनिटे त्यावर ताबा राहत नाही. मनगट, मान, छाती असे हळूहळू भिजवत उतरावे. मुलांना उन्हातल्या खडकावर कोरडे कपडे तयार ठेवल्याशिवाय पाण्यात सोडू नये. ओठ निळसर दिसेपर्यंत ती स्वतःहून बाहेर येत नाहीत.

सामानाविषयी फार लिहीत नाही. पुढची बोटे झाकणारे, तळाला चांगली पकड असलेले आणि पाणी बाहेर टाकणारे बूट हे सर्वांत महत्त्वाचे. माझ्या मते उरलेल्या सगळ्या वस्तूंच्या बेरजेपेक्षा बूट महत्त्वाचे आहेत. माणशी एक काठी, लवकर वाळणारे कपडे (सुती नकोत), एक उबदार थर जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, डोक्यावर लावायचा टॉर्च, शिट्टी आणि घोट्याला बांधायची लवचीक पट्टी एवढे पुरते. पिण्याचे पाणी सोबत न्यावे; ओढ्याचे पाणी नितळ असले तरी वर जनावरे चरत असतात, आणि ते प्यायचेच झाले तर किमान एक मिनिट खळखळून उकळावे. शौचासाठी पाण्यापासून ६० मीटर दूर जावे असा संकेत आहे. अरुंद घळीत तेवढी जागाच नसते, म्हणून हे काम आत शिरण्यापूर्वी उरकावे.

वेळेचा हिशेब बहुतेक गट चुकवतात. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम तासाला ५ किलोमीटर आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक तास असे सांगतो. त्या हिशेबाने आपली वाट एका बाजूने तासाभरात संपायला हवी. धोंड्यांनी भरलेल्या पात्रात मुलांसह माझा वेग तासाला दीड किलोमीटरच्या वर क्वचित जातो, म्हणून अडीच तास धरा. परतताना वेळ कमी लागेल असे समजू नका. वर जाताना हातांनी धरून चढलेला धोंडा उतरताना दिसत नाही, पाय थकलेले असतात आणि बहुतेक घसरगुंड्या इथेच होतात. म्हणून आम्ही प्रत्येक मोठ्या धोंड्यावर, चढून गेल्यावर लगेच, गटातल्या सर्वांत कच्च्या माणसाला तो एकदा उतरून दाखवायला सांगतो. त्याला जमले नाही तर पुढे जायचे नाही. शिवाय उंच कड्यांमुळे घळीत ऊन लवकर जाते आणि फोनवरचे स्थान कित्येकदा बरेच चुकते, कारण उपग्रहांचे संदेश कड्यांवर आपटून येतात. सकाळी ७ वाजता आत शिरा, १० वाजता जिथे असाल तिथून माघारी फिरा, मग धबधबा दिसो वा न दिसो.

राहिले आपले वडील. त्यांनी चार उतारांची ही पूर्ण वाट करू नये असे मला स्पष्ट वाटते, कारण दुखऱ्या गुडघ्याला चढ सोसतो, धोंड्यांवरून उतरणे सोसत नाही. पण त्यांना गाडीपाशी नुसते बसवून ठेवू नका. पहिल्या उताराच्या अलीकडे साधारण अर्धा किलोमीटर सपाटी आहे असे आपण लिहिले आहे. तिथपर्यंत ते सोबत यावेत आणि मग कोणाला तरी बरोबर घेऊन घळीबाहेर, फोन लागतो अशा उंच जागी परतावेत. तिथून वरच्या डोंगरावरचे आकाश दिसते, जे आत गेलेल्यांना दिसत नाही. त्यांच्याकडे आत जाणाऱ्या सर्वांची नावे, वाटेचा नकाशा आणि स्थानिक बचाव पथकाचा क्रमांक कागदावर लिहून द्या. दीड वाजेपर्यंत गट बाहेर आला नाही तर त्यांनी त्या क्रमांकावर फोन करावा आणि स्वतः शोधायला आत शिरू नये, हे दोन्ही त्यांच्याकडून निघण्यापूर्वी कबूल करून घ्या.